विंचवाचं बिऱ्हाड, व्हाया वायोमिंग

अमेरिकेत घर बदलणं हे फार निरुत्साही काम आहे. पैसे मोजले की धिप्पाड माणसं येतात, तुमचा संसार खोक्यांत भरतात, खोकी ट्रकमध्ये रचतात आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उतरवतात. तुम्ही विमानात बसायचं, गुडघे आखडून सहा तास झोपायचं आणि नव्या घराचं कुलूप उघडायचं. चारचौघांत सांगण्यासारखं काही घडतच नाही. बहुधा म्हणूनच आमच्या दाजींनी न्यू जर्सीतल्या एडिसनहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं ते मोटरहोमनं, आणि तेही जानेवारीत.

कारणं सुटी सुटी ऐकली की पटायची. नवी नोकरी फेब्रुवारीत सुरू होणार होती. मांजराला विमानाची भीती वाटते, असं दाजींचं म्हणणं होतं. ते मांजर आजवर विमानात बसलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. देव्हारा आणि पाटा-वरवंटा परक्या हमालाच्या हाती द्यायला ताईचा ठाम विरोध होता. दाजींचे वडील, म्हणजे आबा, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आले होते आणि त्यांना अमेरिका ‘जमिनीवरनं’ बघायची होती. शेवटचं कारण असं की दाजींना डिसेंबरात एक जुनं मोटरहोम अगदी स्वस्तात मिळालं. डिसेंबरात मोटरहोम स्वस्त का मिळतं, हा प्रश्न एकट्या आबांनी विचारला. पण त्यांनी तो मराठीत विचारला आणि विकणारा ओहायोचा होता.

ज्यांनी मोटरहोम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीस फुटी गाडीत स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, दोन बिछाने आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पोटमाळा. गंमत म्हणजे हे हाकायला वेगळा परवाना लागत नाही. साधी मोटार चालवायचा परवाना असला की बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांपर्यंतचं मोटरहोम घेऊन तुम्ही रस्त्यावर येऊ शकता. आबांनी हे ऐकलं तेव्हा चष्मा काढून पुसला. त्यांनी उभी हयात एसटीच्या चाकामागे काढलेली. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी हे घाट त्यांना घरच्या जिन्यासारखे पाठ.

“ॲव्हरेज किती देती?” आबांनी विचारलं.

“गॅलनला आठ-दहा मैल,” दाजी म्हणाले.

आबांनी मनात हिशेब केला. “म्हंजी लिटरला तीन-चार किलोमीटर. पाव्हणं,” ते माझ्याकडे वळले, “आमचा लाल डबा पन्नास माणसं आन् टपावर कोंबड्यांच्या डालग्या घिऊन यापरीस जास्त द्यायचा.”

पाहुणा या नात्यानं मी दर रविवारच्या नियोजन बैठकीला हजर असे. मिसळ चांगली असायची. दाजींनी एक्सेलशीट तयार केली होती आणि तिच्यात पाण्यापासून मांजरापर्यंत प्रत्येक विषयाला एक पान होतं. रस्त्याचं पान सर्वांत लहान होतं, कारण रस्ता एकच होता. इंटरस्टेट ८० हा महामार्ग न्यू जर्सीतल्या टीनेकला सुरू होतो आणि ११ राज्यं ओलांडून सुमारे २,९०० मैलांवर सॅन फ्रान्सिस्कोत संपतो. दाजींच्या मते ८० नंबर धरला की फक्त सरळ जायचं होतं.

“मधी घाट किती?” आबांनी विचारलं.

एक्सेलशीटमध्ये घाटाचं पान नव्हतं. ते त्या रविवारी उघडलं आणि मग बाकीच्या पानांचा जीव गेला.

पेनसिल्व्हेनियात डोंगर आहेत, पण ते बिचारे आपल्यासारखेच, मध्यमवर्गीय. ओहायोपासून नेब्रास्कापर्यंत जमीन अशी सपाट की ड्रायव्हरला झोप येऊ नये ही एकच काळजी. वाटेत आयोवातल्या वॉलकॉटला जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रकथांबा आहे. तिथे न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे. आबांची दाढ तिथेच दाखवून घ्यावी, असं ताईनं लगेच सुचवलं. आबांनी, ‘दाढंला काय धाड भरलीया?’ असं विचारून तो ठराव फेटाळला.

खरी कथा वायोमिंगपासून सुरू होते. शायान आणि लॅरमी या गावांच्या मध्ये शर्मन समिट नावाची जागा आहे. उंची ८,६४० फूट, अख्ख्या इंटरस्टेट ८० वरची सर्वांत उंच. आपल्या कळसूबाईपेक्षा ही जवळजवळ एक किलोमीटर उंच आणि तिच्यावरून चौपदरी रस्ता. तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, असं दाजींनी वाचून दाखवलं. ताईनं या माहितीतून नेमका मुद्दा उचलला: उघड्या पातेल्यात डाळ शिजणार नाही, कुकर न्यावा लागेल. मोठा की लहान, यावर पाऊण तास गेला. शर्मन समिटवर रात्री गोठून मरण्याची शक्यता चर्चेला आलीच नाही.

त्यापुढचा तुकडा आणखी मासलेवाईक. लॅरमीच्या पुढे जुना रस्ता आणि रेल्वे दोघंही उत्तरेला वळसा घालून जात. नवा महामार्ग बांधताना अंतर वाचवण्यासाठी इंजिनीअरांनी तो सरळ एल्क माउंटनच्या पायथ्याजवळून काढला. तिथल्या जुन्या लोकांनी सांगून पाहिलं होतं की बाबांनो, वारा आणि बर्फ यांची ती घरची जागा आहे, आम्हीसुद्धा तिकडे जात नाही. रस्ता १९७० च्या ऑक्टोबरात थाटानं उघडला आणि काही दिवसांतच बर्फानं बंद पडला. व्हिएतनाम युद्धाचा काळ असल्यानं लोकांनी हो ची मिन्ह ट्रेलच्या चालीवर त्याचं ‘स्नो ची मिन्ह ट्रेल’ असं बारसं केलं. आता तिथे मैलोन् मैल लाकडी कुंपणं उभी आहेत, वाऱ्याबरोबर धावणारा बर्फ अडवायला. शिवाय रेल्वेच्या फाटकासारखी फाटकं आहेत. वादळ आलं की दिवे लुकलुकतात, आडवा दांडा पडतो आणि आपण आहोत त्या गावात मुक्काम करायचा. कधी कधी रस्ता सगळ्यांना बंद नसतो. पाटी लागते: ‘हलक्या आणि उंच वाहनांना बंद.’

“हलकं आणि उंच म्हणजे नेमकं काय?” ताईनं विचारलं.

दाजी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या मोटरहोमकडे पाहत राहिले.

वाटेत युटामधली आणखी एक सात हजारी खिंड आणि नेवाडाचं रखरखीत माळरान ओलांडलं की कॅलिफोर्नियाच्या वेशीवर सिएरा नेवाडाची भिंत उभी. तिच्यातून पलीकडे जायची वाट म्हणजे डॉनर पास. महामार्गाची उंची ७,२३९ फूट. हे नाव ज्या कुटुंबावरून पडलं, त्याची हकिकत दाजींनी मिसळ वाढून झाल्यावर सांगायला घेतली, ही नियोजनातली ढोबळ चूक.

१८४६ साली इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डहून काही कुटुंबं बैलगाड्यांतून कॅलिफोर्नियाला बिऱ्हाड हलवायला निघाली. त्यांतल्या रीड कुटुंबानं एक खास दुमजली गाडा बनवून घेतला होता. आत लोखंडी शेगडी, स्प्रिंगच्या गाद्या, चढायला बाजूनं दार. रीडच्या मुलीनं पुढे म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्याला महालाची उपमा दिली आहे. म्हणजे मोटरहोमच, फक्त बैलांवर चालणारं. लान्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या एका गृहस्थानं पुस्तकात जवळची वाट सांगितली होती. पुस्तक लिहिताना त्यानं ती वाट स्वतः तुडवलेली नव्हती. फोर्ट लॅरमीला त्यांना जेम्स क्लायमन हा जुना रानवाटाड्या भेटला. तो नुकताच त्याच वाटेनं घोड्यावरून आलेला. त्यानं कळवळून सांगितलं की गाड्या घेऊन तिकडे जाऊ नका. पण छापलेलं पुस्तक एकीकडे आणि धुळीनं माखलेला माणूस दुसरीकडे, असं असलं की शिकलेली माणसं कुणाचं ऐकतात हे काय सांगायचं? जंगल तोडत वाट काढण्यात आठवडे गेले, मिठाच्या वाळवंटात बैल मेले, तो महालही तिथेच सोडावा लागला. ऑक्टोबर सरता सरता ही मंडळी खिंडीखाली पोचली आणि बर्फ पडायला लागला. ८७ माणसांपैकी निम्म्याहून थोडी जास्त वाचली.

“मग तोवर खाल्लं काय त्यांनी?” आबांनी विचारलं.

दाजींनी उत्तर दिलं. ताईनं मिसळीचा वाडगा बाजूला सरकवला.

“मग रेल्वेनं जाऊ,” ती म्हणाली. मी गप्प बसायला हवं होतं, पण माहितीची खाज वाईट. त्याच डोंगरात जानेवारी १९५२ मध्ये ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही ऐषारामी आगगाडी दोनशेहून अधिक माणसांसह तीन दिवस बर्फात रुतून बसली होती, हे मी सांगून टाकलं. त्या रविवारी मला दुसरा पाव मिळाला नाही.

आबा मात्र बराच वेळ विचारात होते. मग म्हणाले, “बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ हाय. त्यो धनगर. सायबाला घाटाची वाट त्येनंच दावली म्हंत्यात. सायबानं पुढं त्येला मारला, आसं बी म्हंत्यात. पर वाट त्येनं दावली, पुस्तकानं न्हाई. म्हून डायवर तितं नाणं टाकतो.” दंतकथा म्हणून सोडून द्या, पण आबांचं तात्पर्य चोख होतं. डोंगरात वाट विचारायची ती तिथं मेंढरं राखणाऱ्याला. हेस्टिंग्जला विचारलं की डॉनर, इंजिनीअराला विचारलं की एल्क माउंटन.

पण आमच्या घरात मेंढरं राखणारं कुणी नव्हतं आणि हेस्टिंग्ज भरपूर होते. दाजींना डोंगराचं भय वाटू लागलं तसतसं ते हाती असलेल्या गोष्टींचं नियोजन अधिक बारकाईनं करू लागले. मोटरहोमला पाण्याच्या तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, धुण्या-भांड्यांच्या पाण्याची, आणि तिसरीबद्दल दाजी नेमके जेवताना बोलत. कडाक्याच्या थंडीत तिन्ही गोठतात आणि नळ्या फुटतात. म्हणून हिवाळ्यात नळ्या कोरड्या करून त्यांत गुलाबी रंगाचं न गोठणारं रसायन भरून ठेवतात. म्हणजे न्हाणीघर आहे पण न्हायचं नाही, नळ आहे पण सोडायचा नाही, आणि संडासात गुलाबी पाणी ओतायचं. प्यायचं पाणी कॅनमधून. “मग हे घर सोबत न्यायचं कशाला?” हा ताईचा प्रश्न इतका रास्त होता की तो इतिवृत्तातून वगळला गेला. उबेसाठी प्रोपेन गॅस. तो उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो, त्यामुळे वायोमिंगमध्येही दगा देणार नाही, असं दाजी अभिमानानं सांगत. फक्त गरम हवा फेकणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि बॅटरी थंडीत मलूल होते, हे ते हळू आवाजात सांगत. छावण्यांचे बरेचसे तळ हिवाळ्यात कुलूपबंद असतात, तेव्हा रात्र काढायची ती ट्रकथांब्यावर, नाहीतर मॅनेजरची परवानगी घेऊन एखाद्या वॉलमार्टच्या वाहनतळावर. बारा वर्षं अमेरिकेत संसार करून शेवटी वॉलमार्टच्या दारात झोपायचं, हे सासरी कळता कामा नये, असं ताईनं बजावलं. सासरे समोरच बसले होते.

मग साखळ्या. कॅलिफोर्नियात बर्फाचे तीन हुकूम असतात. आर-१ म्हणजे साखळ्या लावा, पण बर्फाचे टायर असलेल्या हलक्या गाड्यांना सूट. आर-२ म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या आणि बर्फाचे टायर लावलेल्या गाड्या सोडून सगळ्यांना साखळ्या. आर-३ म्हणजे कुणालाही सूट नाही. पण आर-३ क्वचितच लागू होतो, कारण तोवर रस्ताच बंद करतात. घाटाच्या तोंडाशी अंगावर नंबराचा बिल्ला लावलेली परवानाधारक माणसं असतात. ती पैसे घेऊन साखळ्या चढवून देतात, पण साखळ्या विकू किंवा भाड्यानं देऊ शकत नाहीत. साखळ्या चढल्या की ताशी २५-३० मैल. दाजींनी सराव म्हणून आपल्या दारात, कोरड्या डांबरावर, मागच्या जोडचाकांना साखळ्या चढवून पाहिल्या. पहिल्या चाकाला इतका वेळ लागला की समोरच्या आजीबाईंनी दोनदा येऊन पोलीस बोलवू का, असं आपुलकीनं विचारलं.

बर्फापेक्षा मोठं संकट निघालं ते कढीपत्त्याचं. ताईनं बाल्कनीत, दिवाणखान्यात, हीटरजवळ असं फिरवत फिरवत एक रोप छातीएवढं वाढवलं होतं. एडिसनमधली निम्मी मराठी फोडणी त्याच्यावर चालायची. पण कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला. लिंबू-संत्र्याच्या बागा मारणारा रोग पसरवणारी एक बारीक कीड त्याच्यावर पोसते, म्हणून असली रोपं आत आणायला कॅलिफोर्नियात कडक बंधनं आहेत. डॉनर पासच्या अलीकडेच, ट्रकी गावाजवळ, तपासणी नाका आहे. तिथे गाडी थांबवून विचारतात: झाडं, फळं काही आहेत का?

“म्हणजे माणसं खाल्ली त्या खिंडीतून जाऊ देतात आणि कढीपत्ता अडवतात?” ताई म्हणाली. या प्रश्नाला कॅलिफोर्निया सरकारकडे उत्तर नसावं. रोप माझ्याकडे आलं. रोज त्याची चौकशी करणारा फोन येतो. माझी नाही करत.

पाटा-वरवंटा मात्र गाडीत चढला. १९५४ सालच्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या हॉलिवूडच्या चित्रपटात ल्युसिल बॉल अशीच फिरतं घर घेऊन निघते, वाटेत आठवण म्हणून जागोजागचे दगड गोळा करते आणि पुढे डोंगर चढताना त्या दगडांपायी संसार मोडायची वेळ येते. दाजींनी हा चित्रपट ताईला मुद्दाम दाखवला. ताई पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी तिनं पाट्याशेजारी खलबत्ताही ठेवला.

दक्षिणेकडच्या वाटेचाही विचार झाला. इंटरस्टेट १० बहुतेक बर्फाच्या दक्षिणेकडून जातो, पण त्याला एकटं टेक्सस ओलांडायलाच सुमारे ८८० मैल लागतात. मधला ४० नंबर धरला तर ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ आहे, सात हजार फूट, तिथेही बर्फ. आणि दक्षिणेकडून गेलं तर लॉस एंजेलिसच्या डोक्यावरची टेहोन खिंड आडवी येऊ शकते. उंची ४,१४४ फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा बुटकी, पण रागावली की तीही बंद पडते. दाजींनी तिन्ही वाटांच्या खर्चाचे तक्ते केले आणि प्रत्येक तक्त्याच्या शेवटी पोचण्याची तारीख, वार आणि वेळ घातली. दुपारी ३ वाजून ४० मिनिटं, अशी.

ते पाहून आबा पहिल्यांदा हसले. “आरं, एसटी सुदिक मिंटावर येत न्हाई. डोंगरानं तुजं टायमटेबल वाचलंया व्हय?” मग त्यांनी नकाशा ओढून घेतला. दे मॉइन या आयोवातल्या शहरावर बोट ठेवलं. तिथून ३५ नंबरचा रस्ता सरळ दक्षिणेला ओक्लाहोमा सिटीला उतरतो आणि तिथे ४० नंबर मिळतो. “ह्यो फाटा. हितवर कायबी ठरवायचं न्हाई. फाट्यावर उतरायचं, च्या घ्यायचा, वरनं आलेल्या टरकवाल्याला इचारायचं. घाट चालू आसंल तर सरळ. न्हाईतर खाली.” आणि तीन-चार दिवस खाली ठेव, असंही त्यांनी सांगितलं.

“खाली ठेव म्हणजे? त्या दिवसांत करायचं काय?” दाजींनी विचारलं.

“कायबी न्हाई. बसायचं.”

दोन महिने राबून केलेल्या एक्सेलशीटला आबांनी अशा रीतीनं दे मॉइनच्या फाट्यावर मारलं. त्यांची दुसरी आणि शेवटची सूचना उताराची होती. डॉनर पास ओलांडला की सात हजारांवरून थेट सॅक्रामेंटोच्या सपाटीपर्यंत उतरायचं आहे. ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही. याची नोंद मात्र दाजींनी ठळक अक्षरांत केली.

मोकळे दिवस आणायचे कुठून, हा प्रश्न ताईनं सोडवला, तोही कालनिर्णय काढून. पौष महिना चालू होता. पौषात प्रवास चालतो, गृहप्रवेश नाही. माघ लागेपर्यंत नव्या घरात पाऊल टाकायचंच नव्हतं. म्हणजे लवकर पोचण्यात काही फायदाच नव्हता. वाटेत बर्फानं चार दिवस अडकवलं तर उलट उपकार. जी गोष्ट डॉनर मंडळींना कळली नाही, वायोमिंगच्या इंजिनीअरांना मानवली नाही आणि दाजींच्या तक्त्यात बसली नाही, ती पंचांगानं एका ओळीत बसवली: घाई करू नका.

निघायचा दिवस ठरला १६ जानेवारी. चांगली वेळ १३ ला सकाळी होती, म्हणून ताईनं जुन्या रीतीप्रमाणे प्रस्थान ठेवलं. पूर्वी असं बोचकं शेजाऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवत. इथे देव्हारा, हळद-कुंकू आणि पाटा दारात उभ्या मोटरहोममध्ये गेला. नारळ फुटला. मांजर आत जाऊन पोटमाळ्यावर झोपलं.

त्याच संध्याकाळी वसाहतीच्या घरमालक संघटनेचं पत्र आलं. नियमाप्रमाणे मोटरहोम दारात ४८ तासांपेक्षा जास्त उभं करता येत नाही. १५ ला सकाळी ते हललं नाही तर दंड, पुढे रोज दंड. १५ म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. त्या दिवशी कुणी शुभ कामाला बाहेर पडत नाही, आणि बिऱ्हाड घेऊन तर नाहीच. दाजी हादरले. वायोमिंगची फाटकं उघडी आहेत का, हे पाहायचंही ते विसरले. आबांनी ताईकडे पाहिलं.

“किंक्रांतीला कोण निघतंय?” ताई म्हणाली. “आपण तेरालाच निघालोय. सध्या वाटेत मुक्काम आहे.”

आणि पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या दारी तिळगुळाची वाटी घेऊन तीच गेली.